रुपयात तीन जीव

व्हिडिओ गेमचा इतिहास सांगणारी पुस्तकं साधारण एकाच वाटेने चालतात. आधी अमेरिकेतल्या प्रयोगशाळा, मग अटारी, मग जपान, मग सोनी आणि मायक्रोसॉफ्ट, शेवटी मोबाइल. दर टप्प्यावर चित्रं आधीपेक्षा सुबक आणि आवाज आधीपेक्षा खरा. शिरपुरात बसून हे वाचलं की काहीतरी जुळत नाही. तापीच्या या काठावर खेळ त्या क्रमाने आलेच नाहीत. 1985 चा मारिओ आणि 1993 चा मुस्तफा आमच्याकडे जवळपास हातात हात घालून आले. 1972 चा ‘पाँग’ आम्ही पाहिला तो पुढे इंटरनेटवर, जुनी गंमत म्हणून. अटारीचं यंत्र तर गावात कुणाकडे होतं असं ऐकिवातही नाही. चित्रांच्या सुधारणेचा धागा धरला तर आमचा इतिहास म्हणजे नुसता गोंधळ. त्याऐवजी खेळायचे पैसे कोण देतं आणि कशाच्या हिशेबाने, हे विचारलं तर मात्र सगळं ओळीने लागतं. माझ्या मते खेळ बदलले तेही याच हिशेबाने.

सुरुवातीला तर पैशाचा प्रश्नच नव्हता. 1958 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस मांडलं, ते प्रयोगशाळा बघायला येणारे लोक कंटाळू नयेत म्हणून. हेच गृहस्थ युद्धकाळात अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करत होते. 1962 मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-1 या संगणकावर ‘स्पेसवॉर’ लिहिला. तो संगणकच लाखाच्या वर डॉलरचा, त्यामुळे खेळ विकायचा तरी कुणाला? पैसा शिरला तो 1972 मध्ये. त्या वर्षी राल्फ बेअरच्या कल्पनेतून आलेलं, घरच्या टीव्हीला जोडायचं ‘ओडिसी’ बाजारात आलं आणि नोलन बुशनेलच्या अटारीने ‘पाँग’ची पेटी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका गुत्त्यात ठेवली. थोड्याच दिवसांत पेटी बंद पडल्याची तक्रार आली. ती बनवणारा अल अलकॉर्न दुरुस्तीला गेला, तर नाण्यांचा डबा इतका भरला होता की नवं नाणं आत जायला जागा नव्हती.

पुढची वीस वर्षं खेळ कसे बनणार, ते त्या डब्याने ठरवून टाकलं. नाण्यावर चालणाऱ्या खेळात खेळणारा हरलाच पाहिजे, तोही दोन-तीन मिनिटांत, नाहीतर मागे उभं असलेलं गिऱ्हाईक निघून जातं. पण हरताना त्याला ‘थोडक्यात हुकलं’ असंही वाटलं पाहिजे, तरच तो खिशात पुन्हा हात घालतो. 1978 चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ याचा उत्तम नमुना आहे. त्याचा प्रोसेसर इतका कमजोर होता की पडद्यावर शत्रूंची गर्दी असली की सगळं संथ चालायचं. शत्रू मरत गेले की चित्रं काढायचं काम कमी व्हायचं आणि उरलेले सुसाट सुटायचे. तोमोहिरो निशिकादोने हा दोष काढला नाही, तसाच ठेवला. जिंकत आलो म्हणावं आणि नेमकी तिथेच धांदल उडावी, ही युक्ती त्याला यंत्राच्या दुबळेपणातून मिळाली.

आमच्याकडे हे यंत्र यायला वेळ लागला, त्याचं कारण सरळ आहे. 1991 च्या आधी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूवर जबर आयात शुल्क होतं आणि तालुक्याच्या गावात टीव्हीच मोजक्या घरी. ऐंशीच्या दशकात पडद्याची भूक भागवली ती व्हिडिओ पार्लरने. एक खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, दोन-तीन रुपये तिकीट. धुळ्यापलीकडच्या मालेगावात असंच पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पुढे स्वतःच सिनेमे काढले. ‘मालेगाव के शोले’ 2000 चा. खानदेशातल्या बाकीच्या पार्लरवाल्यांच्या अंगात एवढी हौस नव्हती. केबल आली, पार्लरचा धंदा बसला, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याच खोलीत गेमची मशिनं आणून ठेवली. मुंबई-आग्रा रस्ता गावाजवळूनच जातो, त्यामुळे माल यायला अडचण नव्हती. प्लायवूडचा खोका, जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि आत बाहेरून आलेला, बहुधा नकली, सर्किट बोर्ड.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या खोक्यांत कोणता खेळ असायचा, हे त्या पिढीच्या कुणालाही विचारा: मुस्तफा. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने मार्क शुल्ट्झच्या एका अमेरिकन चित्रकथेवरून तो 1993 मध्ये बनवला. त्यात चार पात्रं आहेत, मुस्तफा त्यांतला एक, सगळ्यांत चपळ. खेळाचा नायक खरं तर जॅक, पण महाराष्ट्रभर पोरांनी अख्खा खेळ मुस्तफाच्या नावावर करून टाकला. रुपयाचं नाणं किंवा दुकानदाराचं टोकन टाकलं की ठरावीक जीव मिळायचे. तिघं एकदम खेळू शकत. चौथा, पाचवा आणि आठवा नुसते पाहत आणि सल्ले देत. ‘भो, एक चान्स दे ना’ हे वाक्य त्या खोलीत अखंड ऐकू यायचं.

इथे दुकानदार आणि पोरगा यांच्यात जी लढाई चालायची, ती कुठल्याही पुस्तकात नाही. सरावलेला पोरगा एका रुपयात पाऊण तास काढायचा. दुकानदाराला हे परवडत नसे. मशिनच्या आत बोर्डावर बारीक बटणांची एक रांग असते. ती खाली-वर केली की जीव कमी होतात आणि खेळ अवघड होतो. बनवणाऱ्यांनीच ती सोय ठेवलेली. म्हणजे खेळाचं संतुलन ओसाकात जितकं ठरत होतं, तितकंच ते शिरपूरच्या दुकानातही ठरत होतं. एखाद्या सोमवारी मुस्तफा अचानक लवकर मरायला लागला की पोरांना कळायचं, मालकाने काल रात्री खोका उघडला.

या दुकानांना घरोघरी शिव्या बसत. त्या निव्वळ जुनाटपणापोटी होत्या असं मी म्हणणार नाही. व्हिडिओ गेम पार्लरच्या पाटीआड पैसे लावायची मशिनं ठेवायचा प्रकार महाराष्ट्रात सर्रास चालला, पोलिसांच्या धाडी पडल्या. जुगाराविरुद्धचा आपला कायदा 1887 चा, त्यात मुस्तफा आणि मटका यांच्यातला फरक सांगायची सोय कुठून असणार? शिक्षकांना आणि बापांना दोन्ही एकच वाटले. आणखी एक गोष्ट तेव्हा कुणाला खटकली नाही: त्या खोलीत मुलगी कधीच नसायची. गंमत अशी की टोरू इवातानीने 1980 मध्ये ‘पॅक-मॅन’ बनवला तो नेमका हाच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून. पुरुषांनी भरलेल्या गेमच्या दुकानांत बायका-मुलींनीही यावं, म्हणून त्याने बंदूक काढून खाणं आणलं. जपानात ते बऱ्यापैकी जमलं, बसस्टँडजवळच्या आमच्या दुकानात जमलं नाही.

मुलींना खेळ मिळाला तो घरात, कॅसेटवर. ती कॅसेट घरात कशी आली, याची मुळं पुन्हा पैशाच्या भांडणात आहेत. 1983 मध्ये अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळला. कुणीही उठावं आणि अटारीसाठी टुकार खेळ काढावा, अशी अवस्था झाली होती. तीन अब्ज डॉलरच्या वरची वार्षिक विक्री दोन वर्षांत शंभर दशलक्षांवर आली. अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. 2014 मध्ये त्या खरोखरच उकरून काढल्या गेल्या. त्याच 1983 च्या जुलैमध्ये निन्टेन्डोने जपानात ‘फॅमिकॉम’ आणला. पुढे अमेरिकेत तो विकताना कंपनीने अटारीचा धडा गिरवला आणि यंत्रात कुलुपाची चिप बसवली, परवान्याशिवाय कुणाची कॅसेट चालू नये म्हणून. जपानी फॅमिकॉमला मात्र हे कुलूप नव्हतं. तैवान आणि पुढे चीनमधल्या कारखान्यांनी नकला केल्या त्या याच बिनकुलपाच्या यंत्राच्या. भारतात ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी जे विकलं गेलं, ते बहुतेक सगळं या घराण्यातलं. मुंबईला कामासाठी गेलेला मामा मनीष मार्केटमधून जी पिवळी कॅसेट आणायचा, तिचा जन्मही क्योटोतल्या त्या एका न लावलेल्या कुलपात आहे.

कॅसेटवर ‘9999999 इन 1’ असं बेधडक छापलेलं असे. आत खरे खेळ पाच-सात, बाकी तेच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू होणारे. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस आणि बदकं. बदकांची बंदूक हे त्या काळातलं सर्वांत मोठं कोडं होतं. काचेतून गोळी जाते कशी? प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच बाहेर पडत नव्हतं. घोडा ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो पांढरा उजेड दिसतोय का, एवढंच पाहायचा. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे नेमक्या वेळेला घडायचं म्हणून जमायचं. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक निरुपयोगी आहे. कॅसेट चालली नाही की तिच्या दातांवर फुंकर मारायची, हेही सगळ्यांना ठाऊक. फुंकरीने काही होत नव्हतं, उलट ओलाव्याने दात गंजायचे. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा घातल्याने.

पैशाचा हिशेब बदलला तसा खेळ बदलला, तो इथे. कॅसेट एकदाच विकायची, म्हणजे खेळणाऱ्याला लवकर मारून फायदा नाही. त्याला महिनोन्महिने पुरेल असं काहीतरी द्यायला हवं. शिगेरू मियामोतोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आठ जग आणि बत्तीस टप्पे आहेत, पाइपांतून जाणाऱ्या चोरवाटा आहेत, विटांत लपलेली बक्षिसं आहेत. नाण्यावर चालणाऱ्या खेळाने एवढी दौलत वाटली नसती. फक्त जिथपर्यंत गेलो ते जपून ठेवायची सोय त्यात नव्हती. क्योटोत वीज जात नाही. आमच्याकडे ती ऐन सातव्या जगात जायची आणि सगळं पहिल्यापासून. राजकन्येपर्यंत पोहोचलेला पोरगा पंचक्रोशीत ओळखला जाई. यंत्र एकाच्या घरी, पण दुसरा रिमोट बहिणीच्या हातात. मुलींच्या पहिल्या पिढीचं गेम खेळणं हे असं, दुपारच्या वेळेला, भावाच्या दुसऱ्या नंबरावर.

संगणकाचा टप्पा मी थोडक्यात उरकतो. 2001 मध्ये एमकेसीएल आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला आणि तालुक्या-तालुक्यात संगणकाचे क्लास निघाले. तिथे माऊस धरायची सवय पत्त्यांच्या सॉलिटेअरने लावली. तो खेळ मायक्रोसॉफ्टने 1990 मध्ये विंडोजमध्ये घातला, तोही बराचसा लोकांना माऊसने ओढाताण शिकवायलाच. मग रोड रॅश, व्हाइस सिटी, काउंटर-स्ट्राइक. शिरपुरात अभियांत्रिकीची कॉलेजं आणि त्यांची वसतिगृहं आल्यावर खोल्याखोल्यांतून केबल ओढून रात्री लढाया होऊ लागल्या. सायबर कॅफेत तासाचे पैसे पडायचे, सीडी चोरीची असायची. खेळ बनवणाऱ्याला या सगळ्यातून छदामही गेला नाही. याची किंमत कुणी मोजली? मला वाटतं, आपल्याच बनवणाऱ्यांनी. ज्या देशात खेळ विकत घ्यायची रीत नाही, तिथे खेळ बनवणारी कंपनी दुसऱ्यांची कामं करून जगते. 1997 ची बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह बरीच वर्षं परदेशी कंपन्यांसाठी राबली. 1999 मध्ये मुंबईत विशाल गोंडल यांनी काढलेली इंडियागेम्स तगली, कारण ती मोबाइलकडे वळली. तिथे पैसे फोनच्या बिलातून आपोआप कापले जायचे.

शेतकऱ्याच्या खिशात पोहोचलेला पहिला व्हिडिओ गेम म्हणजे नोकियाचा साप. तानेली अर्मांतोने 1997 मध्ये तो 6110 या फोनसाठी लिहिला. 2003 चा नोकिया 1100, टॉर्चची सोय असलेला, खानदेशात कापसाच्या वखारीपासून रात्रीच्या पाणीभरणीपर्यंत सगळीकडे दिसायचा. विजेच्या पाळ्या रात्रीच्या. मोटार सुरू करून बांधावर बसलेल्या माणसाने साप किती लांब वाढवला असेल, त्याची नोंद कुठे नाही. फोनसोबत फुकट आलेला हा खेळ काही विकत नव्हता आणि काही मागतही नव्हता. असा दुसरा मला आठवत नाही.

2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि हिशेब पुन्हा बदलला. एका जीबी डेटासाठी अडीचशेच्या घरात रुपये मोजणाऱ्या गावात डेटा जवळपास फुकट झाला. मार्च 2018 मध्ये पबजी मोबाइल आला: शंभर माणसं, आठ बाय आठ किलोमीटरचं बेट, शेवटी एकच जिवंत. स्वस्त फोनवर मात्र सिंगापूरच्या गरेनाचा ‘फ्री फायर’ जास्त चालला. त्यात माणसं पन्नास आणि डाव दहा मिनिटांचा. जुना, कमी ताकदीचा फोनही तो ओढायचा. शहरात पबजी, वाडी-पाड्यावर फ्री फायर, अशी सरळ वाटणी फोनच्या किमतीने केली. मग टाळेबंदी आली. ऑनलाइन शाळेसाठी घराघरात फोन घेतले गेले. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर शाळा ऐकू येईल एवढी रेंज नसायची, पण उतारावर एखाद्या विशिष्ट दगडाजवळ डाव लागेल एवढी मिळायची.

फुकटचा खेळ जगतो कशावर? बहुतेक खेळणारे एक पैसाही देत नाहीत. थोडेजण कपडे, बंदुकीचे रंग, हिरे, मोसमाचे पास विकत घेतात आणि सगळ्यांचा खर्च त्यांच्याकडून निघतो. पण ते थोडेजण घेणार कशासाठी? बघायला बाकीचे असतील तर. म्हणून फुकट्यांना जाऊ द्यायचं नाही. रोज हजेरीचं बक्षीस, दर मोसमात नवी पायरी, मित्र वाट पाहतोय असा निरोप. मुस्तफात गेम ओव्हर व्हायला हवा होता, कारण पुढचं नाणं हवं होतं. इथे तो कधीच व्हायला नको. मुलं सुटत नाहीत म्हणून आपण मुलांना बोल लावतो, तेव्हा निम्मी गोष्ट सांगायची राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार घातला, तो 2022 पासून लागू झाला. त्यातली अट मात्र कडक आहे. खेळण्यावरचा ताबा सुटून शिक्षण, काम, नातीगोती कोलमडली पाहिजेत, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चाललेलं असलं पाहिजे. दहावीच्या सुट्टीत रात्री दोनपर्यंत खेळणारा पोरगा त्यात बसत नाही.

या खेळांवर बंदी आली ती या कारणाने नव्हे, चीनशी सीमेवर तणाव वाढला म्हणून. 2 सप्टेंबर 2020 रोजी 118 अ‍ॅपच्या यादीत पबजी मोबाइलही गेला आणि जुलै 2021 मध्ये ‘बीजीएमआय’ या नावाने परतला. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेला, पण त्याचा ‘मॅक्स’ अवतार चालूच राहिला. पोरांनी एक दिवस हळहळ केली आणि दुसरा आयकॉन दाबला.

खरी पडझड झाली ती वेगळ्या खेळांनी. मोठ्या माणसांच्या. रमी, फँटसी क्रिकेट, पैशांचा लुडो. लुडोचं घराणं आपलंच, पचिशीचं. इंग्लंडमध्ये त्याला 1896 मध्ये पेटंट मिळालं, आणि 2016 मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने ‘लुडो किंग’ काढून तो पुन्हा भारतात, फोनवर, घरोघर नेला. त्यात पैसे लागत नव्हते. पण त्याच सोंगट्यांवर पैसे लावणारी अ‍ॅप निघाली आणि हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. या वादाचं मूळही मुंबईतच आहे. 1957 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चामरबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्यात कौशल्य भरीव आहे ती स्पर्धा म्हणजे जुगार नव्हे. 1968 मध्ये रमी कौशल्यात बसली. त्या दोन निकालांवर पुढे ऑनलाइन कंपन्यांनी आपला अख्खा धंदा उभारला. सूतगिरणीतला कामगार आणि कापूस विकून आलेला शेतकरी यांच्या फोनवर ती कौशल्याची व्याख्या बक्षिसाच्या जाहिराती घेऊन आली. जुलै 2025 मध्ये विधिमंडळात बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या फोनवर रमी दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खातं बदललं, आणि मिळालं ते क्रीडा.

महिनाभरात, 22 ऑगस्ट 2025 रोजी, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून जिंकायचा ऑनलाइन खेळ चालवायला बंदी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अडुसष्ट वर्षांचा भेद एका कलमात बाजूला पडला. मुंबईच्या ड्रीम 11 ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. मला हा कायदा ढोबळ वाटतो, पण ढोबळ का झाला तेही कळतं: बारीक भेद करायची संधी कंपन्यांना पन्नास वेळा मिळाली होती.

याच काळात खेळ बनवणं मात्र पहिल्यांदाच जवळ आलंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूचा ‘राजी’ 2020 मध्ये निन्टेन्डोच्या स्विचवर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत गेला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 2024 मध्ये ‘इंडस’ काढला. राज्याने 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंगसाठी वेगळं धोरण मंजूर केलं. शिरपुरातून संगणकाची पदवी घेऊन निघणारी मुलं पुण्याच्या गाडीत बसतातच. आतापर्यंत ती बँकांच्या सॉफ्टवेअरसाठी बसायची, आता थोडीजण या स्टुडिओंची नावं विचारतात. मराठी बोलणारा, खानदेशातल्या केळीच्या बागेत किंवा सातपुड्याच्या घाटात घडणारा मोठा खेळ अजून माझ्या पाहण्यात नाही.

आणि नव्या कायद्याची पहिली अडचण मोठ्या कंपन्यांना नाही, गावातल्या पोरांना येणार आहे. फ्री फायर मॅक्सच्या स्पर्धा आता व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतात. चौघांचा संघ, डोक्यामागे थोडी प्रवेश फी, जमलेल्या रकमेतून पहिल्या-दुसऱ्याला बक्षीस, उरलेलं संयोजकाला. नव्या कायद्यात मान्यता असलेल्या, नोंदणी झालेल्या ई-स्पोर्टला प्रवेश फी आणि बक्षीस दोन्ही चालतं, फक्त पैज चालत नाही. या स्पर्धेत पैज नाही, पण नोंदणीही नाही, आणि बक्षीस येतं ते फीच्या पैशांतूनच. तो विशीतला संयोजक ई-स्पोर्टचा आयोजक आहे की पैशांच्या खेळाचा चालक, याचं उत्तर या कायद्याच्या दिल्लीतल्या प्राधिकरणाकडून यायच्या आधी बहुधा एखाद्या तक्रार घेऊन आलेल्या बापासमोर, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात द्यावं लागेल.